ओसरीवरचा डबा

"ह्या डब्याला धुराचं कळतंय व्हय?" बनुबाईनं विचारलं आणि डब्यात नाकच घातलं.

पलटणीच्या वर्कशॉपात शिकून आलेल्या मानसिंगनं, तिच्या लेकानं, तो ओसरीच्या वाशाला टांगला होता. दोन्ही बुडं कापलेला डालड्याचा डबा. एका तोंडाशी बॅटरीचा बल्ब, दुसऱ्याशी उजेड ओळखणारा डोळा, खाली मोडीतल्या मीटरचा काटा. गाड्यांचा धूर दाटला की काटा पांढऱ्या रेघेवरनं लाल रेघेकडं सरकणार.

घर उंब्रजला, हमरस्त्याला लागून. समोरच्या हॉटेलापुढं ट्रक इंजिन चालू ठेवूनच चहाला थांबायचे. सून अंजना खोकून खोकून वाळली होती. रस्ता सोडा, असं सांगलीचा डॉक्टर म्हणाला होता. सांगलीत मानसिंगला कामही मिळत होतं.

"सुनंनं पोरगं फोडलं म्हणंल भावकी," बनुबाई फणकारली. "मी जिती हाय तवर दुसरी चूल न्हाई."

"मग काट्यालाच विचारू, आई. लाल रेघेला टेकला तर आमी जातो."

"टेकतोय! टेकला तर मीच ट्रंक भरती."

शेजारच्या सुलाबाईनं हे गावभर केलं.

काटा पांढऱ्या रेघेलाच चिकटून बसला. बनुबाई जाता-येता डब्याखाली थांबायची. "तुझ्यापरास डबा शाना हाय रं," म्हणायची. आत अंजना खोकली की मात्र बनुबाईचं जातं थांबायचं.

"आई, काटा हलंना. बल्बची काच पुसतीस का काय?"

"मला दुसरी कामं न्हाईत व्हय? तंबाखू आण जा, संपली."

"महिन्याची पुडी आठवड्यात?"

"दात माझं, मिसरी माझी. आण गुमान."

मग एका सकाळी काटा हलला. दोन दिवसांनी लाल रेघेला टेकला. मानसिंगनं काच पुसली, तारा बघितल्या. काटा तिथंच.

बनुबाईनं डब्याच्या सात पिढ्या उद्धारत ट्रंक भरली. अंजना पाया पडली, तेव्हा तिनं तोंड फिरवलं.

सांगलीची एसटी सुटली. ओसरीवर बसलेली सुलाबाई हळहळली, "डब्यानं घर फोडलं गं."

"व्हय. सांग जा समद्यांस्नी," बनुबाई म्हणाली. "डब्यानंच."

सुलाबाई वळणाआड गेली. मग बनुबाईनं डब्याखालच्या कणगीमागनं मिसरीच्या तंबाखूचं धुमसतं खापर पदरानं धरून काढलं आणि अंगणात पाणी ओतून विझवलं. काटा सावकाश पांढऱ्या रेघेवर आला. समोर ट्रक घुरघुरतच होता.