मागे राहिलेली

चपला सगळ्या दारात होत्या, आत माणूस मात्र एकही नव्हता.

धुरपदाबाई प्रार्थनाघराच्या उंबऱ्यावर थबकली. ढोकीच्या साखर कारखान्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगतची ही पत्र्याची खोली रविवारी सकाळी गाण्यांनी दणाणून जायची. आज नुसता पंखा फिरत होता. सतरंजीवर गाण्यांची पुस्तकं उघडीच, ढोलकी आडवी, कुणाचा तरी चष्मा आणि पास्टर शिवशरण यांचा मोबाईलसुद्धा. आता मोबाईल टाकून माणसं जातात कुठे?

तिला उशीर झाला होता तो राजेश्वरीच्या फोनमुळे. लेक सासरचं कौतुक सांगू लागली की आईला घड्याळ दिसत नसे.

"पास्टर?" तिने हाक मारली. कुणी ओ दिली नाही.

गेल्याच रविवारी पास्टर सांगत होते, प्रभू परत येईल तेव्हा आवराआवरीला वेळ मिळायचा नाही. जे तयार असतील ते आहेत तसे उचलले जातील, बाकीचे इथेच राहतील. धुरपदाबाईने तेव्हा बसल्या बसल्या गावातलं कोण कोण राहणार ते ठरवूनही टाकलं होतं. त्यात ती स्वतः अर्थातच नव्हती.

तिने पुन्हा चपलांकडे पाहिलं. अंगठा तारेने बांधलेली ती धाकट्या जावेची, कस्तुराबाईची. शेजारी तिच्या लेकीची, हर्षालीची. पलीकडे म्हाताऱ्या गुरुसिद्धप्पाच्या. प्रवचनात घोरणारा गुरुसिद्धप्पासुद्धा गेला! क्षणभर धुरपदाबाईला भीतीपेक्षा रागच जास्त आला. मग तो राग ओसरला. आपण का राहिलो, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

ती आत जाऊन गुडघ्यांवर कोसळली.

"प्रभू, म्याच सांगितलं," ती रडत बोलू लागली. "हर्षालीला बघाया आलते, त्यांना म्याच वाटंत गाठून सांगितलं, पोरीला फिट येती म्हणून. लहानपणी तापात एकदा आलती, तेवढीच. माझ्या राजेश्वरीचं कुठं जमंना, काय करू? मग त्यांनी राजेश्वरीला केली. अन् कस्तुरा माझ्या पोरीच्या हळदीला राबली. सोताच्या हातानं तिला नटवली. हर्षाली तशीच घरी राहिली. त्या दोघींना नेलंस ते बरं केलंस. पर मला..."



मागच्या कोपऱ्यातला पडदा सरकला. तिथे गॅसची शेगडी होती. प्रार्थना संपली की सगळ्यांना चहा मिळायचा. हातात सांडशी घेऊन हर्षाली उभी होती. पस्तिशी ओलांडलेली, कानाजवळचे केस पांढरे झालेली.

"तू... गेली न्हाईस?" धुरपदाबाईने विचारलं.

"दूध गॅसवर हाय, मोठ्याई. समदी मागच्या दारानं पळाली. ओढ्यात उसाची बैलगाडी पलटी झाली, बैल खाली घावलाय. चपला घालाया येळ कुणाला होता?"

लांबून खरंच माणसांचा गलका येत होता. धुरपदाबाईला तो आत्ता कुठे ऐकू आला.

"तू ऐकलंस?"

"व्हय."

हर्षालीने वळून गॅस बंद केला. आता ही ओरडेल, शिव्या देईल, असं धुरपदाबाईला वाटलं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"म्या कबूल केलं, पोरी," ती घाईघाईने म्हणाली. "त्याच्याम्होरं समदं कबूल केलं."

"त्याला पयल्यापास्नं ठाऊक हाय, मोठ्याई. आईला न्हाय."

एवढं बोलून हर्षाली कप मांडायला पडद्याआड गेली.

थोड्याच वेळात मंडळी मागच्या दाराने परत आली. पाय गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेले, बायकांचे पदर खोचलेले, सगळ्यांचा एकच कालवा. बैल वाचला होता. कस्तुराबाईची नजर आधी जावेवर गेली.

"आक्का, कवा आलाव? अन् रडताय कशापायी?"

धुरपदाबाईने पदराने डोळे पुसले.

"चपला बघून घाबरल्या," पडद्याआडून हर्षालीचा आवाज आला. "त्यास्नी वाटलं, आपुन समदे वर गेलो."

खोलीभर हशा पिकला. "मला कोन नेतंय वर!" गुरुसिद्धप्पा म्हणाला, आणि पुन्हा सगळे हसले. पास्टरही हसले. कस्तुराबाई तेवढी हसली नाही. चिखलाचे हात पदराला पुसून ती जावेजवळ टेकली आणि तिच्या पाठीवरून हात फिरवू लागली.

"येड्या का काय, आक्का? तुमाला सोडून म्या जाईन व्हय?"

धुरपदाबाईने मान खाली घातली. तो हात पाठीवरून निघावा असं तिला वाटत होतं, आणि निघू नये असंही.

पास्टर शिवशरण यांनी हात वर केले. बैल वाचला म्हणून प्रभूचे आभार मानू या आणि त्याने लवकर यावं म्हणून सगळे मिळून मागू या, असं ते म्हणाले. सगळ्यांनी डोळे मिटले. धुरपदाबाईने मिटले नाहीत. आज नको, ती मनात म्हणत होती, आज नको येऊस.

"कस्तुरा," तिने हळूच हाक मारली. "तुला एक सांगायचं हाय."

"प्रार्थना हुंद्या की, आक्का," कस्तुराबाई मिटल्या डोळ्यांनीच म्हणाली, आणि तिचा हात घट्ट धरून, सगळ्यांपेक्षा मोठ्या आवाजात, प्रभूला लवकर ये म्हणून विनवू लागली.