अंतर्गत वीस गुण

"गैरहजर? मी?" रुपालीनं गुणपत्रिका विभागप्रमुखांच्या टेबलावर आपटली.

उदयसिंह सरांनी आधी चहाचा कप सावरला. रसायनशास्त्राच्या लेखी पेपरात तिला ऐंशीपैकी चौऱ्याहत्तर होते. कॉलेजच्या अंतर्गत चाचणीच्या वीस गुणांपुढं 'गैरहजर'. म्हणून ग्रेड एफ, म्हणजे नापास. आणि एम.एस्सी.च्या प्रवेशाची उद्या शेवटची तारीख.

शेजारी तिचे वडील बिरप्पा उभे होते. मेंढरं भावाच्या हवाली करून मंगळवेढ्याहून सकाळच्या एसटीनं सोलापूर गाठलेलं. "सर, ऐंशीत चौऱ्याहत्तर घेऊन पोरगी नापास कशी? आमाला कळंल असं सांगा की."

"ग्रेडिंग आहे, बाबा. लेखी आणि अंतर्गत, दोन्हींत वेगवेगळं पास व्हावं लागतं. अंतर्गतचा रकाना रिकामा दिसला की विद्यापीठाचा कॉम्प्युटर गैरहजर धरतो. आली नसेल ही चाचणीला."

रुपालीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सरांच्या मागचं कपाट तिनंच उघडलं. तिची चाचणीची उत्तरपत्रिका तिथंच पडलेली, वर सरांच्या लाल शाईत अठरा. मग गुणांची यादी काढली. बावन्न पोरांचे गुण टपोऱ्या अक्षरात भरलेले, फक्त तिचा रकाना कोरा. खाली सरांची सही.

बिरप्पा यादीवर वाकले. "अक्षर तर तुजंच हाय की गं."

होतंच. दरवर्षी सर हे काम तिच्याच गळ्यात मारायचे. स्वतःचे गुण स्वतःच्या हातानं काय लिहायचे, म्हणून तिनं तेवढा रकाना सोडला होता. 'माझे तेवढे तुम्ही घाला, सर,' असं बजावून यादी दिली होती.

"मग तूच घालायचेस की," सर म्हणाले. "यादी भरणारी सगळी पोरं घालतात. शहाणपणा नडला तुझा."

चोर तो चोर, वर शिरजोर.

तेवढ्यात सरांचा फोन वाजला. "हे बघ, परीक्षा विभागाला दुरुस्तीचं पत्र देऊ. माझ्या नावानं तूच लिही, अक्षर चांगलंय तुझं. मी सही करतो." ते फोनवर हसून बोलू लागले.

तिनं कागद ओढला आणि ठाशीव अक्षरात लिहिलं: 'कुमारी रुपाली चाचणीस हजर होती. तिला अठरा गुण आहेत. गुणांच्या याद्या मी दरवर्षी विद्यार्थ्यांकडून भरून घेतो आणि न वाचता सही करतो. यंदाही तेच केले.'

फोन कानाला तसाच धरून सरांनी खाली सही ठोकली आणि शिक्का शोधू लागले.

चौथी शिकलेल्या बिरप्पांनी तोवर अक्षर लावून लावून पत्र शेवटपर्यंत वाचलं होतं. शिक्का त्यांनीच उचलून दिला.

"घ्या सर," ते म्हणाले. "हितं मारा."