शेवटचं गाणं

दादाच्या तेराव्यानंतर महिन्याभराने त्याची बॅग ओसाकाहून आली. तिच्यात कुठल्याशा जपानी बँडची सीडी होती. दुपारी आई मटार सोलायला बसली आणि मी ती लावली. जपानी मी क्लासला जाऊन शिकलेली, म्हणून प्रत्येक गाणं संपलं की सीडी थांबवून आईला अर्थ सांगत होते.

पहिल्या गाण्यात एक माणूस स्टेशनवर उतरतो. दुसऱ्यात त्याला कोपऱ्यावरचं बंद पडलेलं सायकलचं दुकान दिसतं. तिसरं नुसतं रॅप होतं, त्यात तो जिन्याच्या पायऱ्या मोजतो.

"किती?" आईने विचारलं.

"बावीस."

आईचे हात थांबले. आमच्या जिन्यालाही बावीसच आहेत. "पुढचं लाव," ती म्हणाली.

पुढच्यात तो अंधूक पॅसेजमध्ये दारावरची पाटी वाचतो. शेवटच्या गाण्यात शब्दच नव्हते, फक्त ठेका. तो थांबला आणि एक दमलेला आवाज म्हणाला, "तादाइमा." मी घरी आलो.

क्लासमध्ये सेन्सेई वर्गात शिरताना रोज हेच म्हणायच्या आणि आम्ही सगळे एका सुरात उत्तर द्यायचो. तीन वर्षांची सवय ती.

"ओकाएरी," मी बोलून गेले. आलास, ये.

सीडी कधीच थांबली होती. बाहेरच्या खोलीत कुणीतरी बूट काढले, आधी एक, मग दुसरा.

मी आईकडे पाहिलं. ती स्टुलावर चढून दादाच्या फोटोचा हार काढत होती.