पंतांनी सोडलेली जागा

"इथे तुझं घर काढ. दारात मी."

पोथीच्या शेवटच्या पानाच्या समासातली ही सूचना वाचून सुभानजी चितारी चपापला. पोथी लिहिताना विसाजीपंत चित्रांसाठी जागा सोडत आणि काय काढायचं ते कडेला लिहून ठेवत: मोर, राजा, कमळ. हे पान लिहून पंत महिन्यापूर्वीच वारले होते.

पण पंतांचा शब्द सुभानजीने कधी मोडला नव्हता. त्याने घर काढलं, दारात पंत काढले, पगडीला सोनेरी शाई लावली. डोळे सगळ्यांत शेवटी उघडायचे, ही चिताऱ्यांची रीत. तिथे येताच मात्र तो थांबला. डोळे कोरेच ठेवून त्याने कुंचला धुतला.

भर दुपारी कुणीतरी भिंत चाचपत आत आलं.

"सुभान्या, अरे, काहीच दिसत नाही. कुठं बसलायस?"