साहेबांचे साहेब

ऑफिसातल्या रजेच्या अर्जांचं ॲप करताना कॉम्प्युटरवाल्या ताईने फ्रेमवर्कला, म्हणजे ॲप बांधून देणाऱ्या तयार सांगाड्याला, एकच नियम सांगितला: प्रत्येक माणसाला एक साहेब हवा. या फ्रेमवर्कला काय हवं तेवढंच सांगायचं. कसं जमवायचं ते त्याचं ते बघतं. मोठ्या साहेबांच्या वर कोणीच नाही, हे मात्र सांगायचं ती विसरली.

पहिला अर्ज मोठ्या साहेबांनीच हौसेने भरला. दोन मिनिटांत उत्तर आलं: नामंजूर.

"ताई, मला नाही म्हणणारा हा कोण उपटला?"

"चुकून झालं असेल," म्हणत तिने यादी उघडली. साहेबांच्या नावाच्या वर एक चौकट आली होती. तिच्यात नाव नव्हतं, फोटो नव्हता. बसण्याची जागा तेवढी लिहिलेली होती. सहावा मजला.

"आपला पाचवा शेवटचा. वर नुसतं आभाळ आहे," साहेब हसले आणि हट्टाने त्यांनी अर्ज पुन्हा पाठवला.

उत्तर लगेच आलं. "एकदा सांगून कळत नाही? थांबा, खाली येतो."

दोघांच्या डोक्यावर, छताच्या पलीकडे, कोणीतरी खुर्ची मागे सरकवली.

वीस वर्षांत कोणासाठीही न उठलेले साहेब उठून उभे राहिले आणि शर्टाचं वरचं बटण लावू लागले.