बोनेटला कान

“गाडी पोटातलं दुखणं आवाजातून सांगते, पोरी. कान लाव,” बाबा म्हणायचे, तेव्हा ती बोनेटएवढी होती. वर्षापूर्वी चालतं गॅरेज एकाएकी विकून ते घरात मिटून बसले. तिचा फोनसुद्धा घेईनात. आज जुनी गाडी बघायला तिने त्यांना हट्टाने आणलं. त्यांचा शब्द पुन्हा कुणीतरी मानावा म्हणून. गाडी बॅटरीवरची आहे, हे तिने वाटेत दोनदा सांगितलं. त्यांनी दोनदा मान डोलावली. मालकाने गाडी चालू केली. बाबांनी डोळे मिटून बोनेटला कान लावला. “इंजिन खणखणीत आहे. घेऊन टाक.” मालक हसला. “काका, हिला इंजिनच नाही.” “तेच म्हणतोय मी,” बाबाही हसले. तिने त्यांचा हात धरला. ते तिच्या ओठांकडे बघत राहिले, मग नको तेवढ्या मोठ्याने म्हणाले, “काहीच ऐकू येत नाही गं. तुझा आवाजसुद्धा नाही.”