शालनचा शेवटचा श्वास

"काका, पुन्हा एकदा विचार करा," प्रयोगशाळेतली तेजल म्हणाली.

नळीत दिगंबररावांच्या बायकोचा, शालनचा, शेवटचा श्वास अतिथंड करून ठेवला होता. त्यातले रेणू जवळजवळ थांबले होते.

"रेणू एकमेकांवर आदळले की काकूंचा शेवटचा शब्द ऐकू येईल. पण त्या टकरींनी ते तापून निसटतील. मग श्वास उरणार नाही."

"ऐकव. मी तेव्हा औषध आणायला गेलो होतो गं."

तेजलनं थंडी किंचित कमी केली. क्षीण आवाज आला, "दिगंबर..."

संसारभर शालननं त्यांना 'अहो'च म्हटलं होतं. ही हाक आपल्यालाच आहे, हे कळायला त्यांना वेळ लागला.

"ओ," ते म्हणाले.

तोवर नळी रिकामी झाली होती.